बारावं पान

किर्गिझस्तानात बिश्केकहून कोचकोरला जाणारी गाडी चौथा माणूस मिळाल्याशिवाय हलत नाही, मग तुमच्या घराला आग लागलेली का असेना. मे महिन्यातल्या त्या सकाळी तीन माणसं तासभर बसून होती. पुढे एक आजोबा, मागे डाव्या खिडकीशी त्यांची सून आणि उजव्या खिडकीशी चिनारा. ड्रायव्हर बाहेर उभा राहून "कोचकोर, एकच सीट, एकच!" असं ओरडून घसा बसवून घेत होता. अखेर चौथा आला. आला तो इतका उंच, की मधल्या सीटवर बसल्यावर त्याचे गुडघे हनुवटीला लागले.

"सॉरी," तो चिनाराला म्हणाला. "पाय घरी ठेवून यायला हवे होते."

चिनारा खिडकीबाहेर बघू लागली. गाडीत भेटलेल्या पुरुषांच्या विनोदाला हसायचं नाही, एवढं तिला मावशीने शिकवलं होतं.

तोकमोक मागे पडलं. घाट लागायला अजून अवकाश होता, त्यामुळे फोनला रेंज होती. तो फोनमध्ये काहीतरी शोधत होता. आधी त्याच्या नाकातून हसू फुटलं, मग खांदे हलायला लागले. मधल्या सीटवरचा माणूस हसला की मागची अख्खी सीट हलते.

"काय झालं एवढं?" आजोबांच्या सुनेने विचारलं. "आम्हालाही सांगा की."

"काही नाही हो... कोचकोरात शिर्दाक कुठे चांगला मिळतो ते बघतोय. तर एकाच कारखान्याच्या वेबसाइटची अकरा पानं! नमद्याचा गालिचा, लोकरीचा गालिचा, हातचा गालिचा, तंबूतला गालिचा... आणि अकराही पानांवर मजकूर तोच. फक्त वरचं नाव बदललंय. कुठल्या येड्याने हे केलंय, देव जाणे."

"येड्याने नाही," चिनारा खिडकीकडेच बघत म्हणाली. "येडीने."

"ओळखता तुम्ही तिला?"

"चांगलीच. पानाच्या तळाशी फोटो आहे तिचा."

त्याने बोटाने पान खाली सरकवलं. फोटोकडे पाहिलं. चिनाराकडे पाहिलं. परत फोटोकडे पाहिलं – आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. मधल्या सीटवरून पळून जायला जागा नसते. सुनेने तोंडाला डोक्यावरच्या रुमालाचं टोक लावलं आणि आजोबा झोपेतच "काय झालं, काय झालं" करायला लागले.

"म्हणजे... तसं वाईट नाहीये," तो म्हणाला. "फोटो तर छानच आहे."

"फोटो मावशीने काढलाय. पानं मी लिहिलीत. हिवाळाभर."

घाटात गाडी थांबली तेव्हा तो तंदूरमधून काढलेले, मांस भरलेले दोन गरम सामसे घेऊन तिच्यासमोर उभा राहिला. वारा असा, की त्याच्या हातातला कागद फडफडत होता. नाव एर्मेक. बिश्केकच्या एका सहलींच्या कंपनीत काम. काम काय, तर लोक सर्चमध्ये काय शोधतात ते बघायचं आणि आपल्या कंपनीचं पान वर कसं येईल ते पाहायचं.

"म्हणजे येड्यांना ओळखायचं शिक्षण झालंय तुमचं," चिनारा म्हणाली.

"पदवी आहे." त्याने सामसा पुढे केला. "घ्या ना... दंड समजा."

तिने घेतला. भूक लागली होती, आणि दंड तर दंड. खाताना मात्र तिच्या लक्षात आलं, की वाऱ्याच्या बाजूला तो मुद्दाम उभा राहिलाय.

तो कोचकोरला निघाला होता त्याचं कारण त्याची बहीण. जाझगुलचं लग्न सप्टेंबरच्या मध्यात ठरलं होतं, आणि नवरीच्या सामानात शिर्दाक नसला की सासरच्या बायका वर्षभर तोंड वाजवतात. खरं म्हणजे तो आईने करायचा असतो. पण एर्मेकची आई शाळेत रसायनशास्त्र शिकवायची, सुईत दोरा ओवायचा तरी ती मुलीला हाक मारायची. तेव्हा विकतच घ्यायचा होता.

कारखाना म्हणजे काय, बुर्माकान मावशीच्या घरामागची लांब खोली, दारात लोकरीचे ढीग, आणि पाच बायका. मावशीने एर्मेकला चहा दिला, जॅम दिला, तो मुद्द्यावर येईपर्यंत तीन वेळा पेला भरला, आणि मग सांगितलं, "दोन शिर्दाक, लग्नाचे. अडीच महिने. घाई असेल तर दुसरीकडे बघ."

"घाई नाही," एर्मेक म्हणाला. तेव्हा तो चिनाराकडे बघत होता, हे कालिपाने पाहिलं. कालिपा त्या पाच बायकांतली सगळ्यात तिखट जिभेची. तिने लगेच शेजारणीला कोपर मारलं.

"मावशी," चिनारा घाईने म्हणाली, "ही ऑर्डर पहिली धरायची ना? हे पान बघूनच आलेत."

"तो पान बघून हसला," मावशी म्हणाली. तिला गाडीतला किस्सा एव्हाना कळला होता, कारण आजोबांची सून मावशीची दूरची भाची निघाली. "हसणं म्हणजे ऑर्डर नव्हे. तो गाडीतून तुझ्याबरोबर आलाय. ही नाही धरायची."

कसलं धरायचं आणि कसलं नाही, हे एर्मेकला कालिपाने सांगितलं. चिनाराची आई सात वर्षं रशियात काझानला कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करत होती. मुलीने इकडे लोकर पिंजत बसावं हे तिला पटत नव्हतं. कोचकोरचा माल एक व्यापारी उचलायचा, तो म्हणेल तो भाव, आणि शिर्दाकावर नावही त्याचंच. चिनारा म्हणत होती की वेबसाइटवरून गिऱ्हाईक थेट आपल्याकडे येईल. शेवटी मायलेकींचा करार झाला. वीस सप्टेंबरपर्यंत वेबसाइटवरून पाच शिर्दाकांची ऑर्डर आली, तर चिनारा इथेच राहील. नाही आली, तर बावीस तारखेच्या बसने काझान, आईच्या शेजारच्या मशीनवर. तिकीट आईने काढूनही ठेवलं होतं.

"आणि आत्तापर्यंत किती आल्या?" एर्मेकने विचारलं.

"एकही नाही," चिनारा म्हणाली. "अकरा पानं असून."

*

जूनमध्ये तो आला तो शिर्दाकाचं काम कुठवर आलं ते बघायला. पंधरा दिवसांनी परत आला, तेच बघायला. तिसऱ्यांदा आला तेव्हा कालिपाने त्याला दारातच अडवलं.

"काय रे, दर पंधरवड्याला मोजायला येतोस, वाढतोय का तो?"

"बहीण विचारते हो सारखी."

"बहीण विचारते... आणि तू कुणाला विचारतोस?"

नेमका तेव्हाच डोंगरावरून पाऊस उतरला. अंगणात धुतलेली लोकर चटईवर पसरलेली होती. बायका ओरडत बाहेर धावल्या. एर्मेकने चटईचं एक टोक धरलं, दुसरं चिनाराने, आणि दोघं लोकर पोटाशी धरून एकाच दारातून एकाच वेळी आत शिरायला गेले. दार तेवढं रुंद नव्हतं. क्षणभर दोघं चौकटीत अडकून राहिले. तिच्या भिजलेल्या केसांचं पाणी त्याच्या मनगटावर ठिबकत होतं, ओल्या लोकरीचा उग्र वास नाकात होता, आणि दोघांपैकी एकाने तरी आधी मागे सरकायला हवं होतं...

"आत या नाहीतर बाहेर जा," मावशी आतून ओरडली, "दारात लोकर वाळत नाही!"

आत मावशी शिर्दाक कापायला बसली होती. जाझगुलचेच ते दोन. दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा लाल नमदा खाली, निळा वर, त्यावर खडूने काढलेली मेंढ्याच्या शिंगांची नक्षी. मावशीने सुरी रोवली आणि दोन्ही थर एकदम कापत नेले. मग लाल नक्षी निळ्याच्या रिकाम्या जागेत बसवली, निळी लालच्या. एका कापात दोन शिर्दाक, नमदा जराही वाया नाही.

एर्मेक बघतच राहिला. चिनाराने त्याच्यासमोर लॅपटॉप उघडून ठेवला होता, त्याचाही त्याला विसर पडला.

"हं, बोला," ती म्हणाली. "माझ्या अकरा पानांचं काय करायचं?"

"दहा काढून टाका. सगळा मजकूर एका पानात आणा. जुन्या पानावर कुणी आलं तर त्याला आपोआप नव्या पानाकडे पाठवायचं, तेवढं मी करून देतो."

"का म्हणून? एकेका शब्दासाठी वेगळं पान करा, असं त्या व्हिडिओत सांगितलं होतं."

"जुना व्हिडिओ असेल. हे बघा, बाजारात तुम्ही आणि कालिपाताई शेजारी शेजारी बसलात आणि दोघींनी एकाच गिऱ्हाइकाला ओरडून हाक मारली, तर काय होईल?"

"मीच जिंकेन," कालिपा म्हणाली.

"तो गोंधळून तिसरीकडे जाईल. सर्चचंही तसंच. एकाच घरची अकरा पानं तेच सांगतायत म्हटल्यावर, यातलं कुठलं दाखवायचं तेच त्याला कळत नाही. मग तो एकही वर दाखवत नाही."

 हिवाळाभर, बोटांना फोड आलेले असताना, शाळेतल्या इंग्रजीला शब्दकोशाचा टेकू देऊन चिनाराने ती पानं लिहिली होती. आपलीच पानं एकमेकींच्या पायात पाय घालत होती, हे ऐकून तिला वाईट वाटलं. पण नुसतं ऐकून घेणारी ती नव्हती.

"हे बघा," ती मावशीच्या हाताकडे बोट दाखवून म्हणाली. "नक्षी एकच, सुरी एकच. म्हणून काय दोन्हींतला एक फेकून द्यायचा? एक बसायच्या खोलीत जातो, एक निजायच्या."

"पण पानांना खोल्या नसतात."

"असतात... असायला हव्यात." ती विचार करत होती. "त्या दिवशी गाडीत तुम्ही नेमकं काय टाइप केलं होतं? अगदी शब्दन् शब्द सांगा."

त्याने डोळे मिटले. "शिर्दाक... लग्नासाठी... किती दिवसांत मिळतो."

"किती दिवसांत! आणि माझ्या अकरा पानांत हे कुठे आहे?"

"कुठेच नाही."

"म्हणजे मी शब्द बदलत बसले, आणि लोक विचारतायत ते भलतंच. मावशी, लोक तुला फोन करून काय काय विचारतात गं?"

मावशीने सुरी थांबवली नाही. "किती दिवस लागतील, ते विचारतात. आम्हाला शिकवाल का, विचारतात. आणि आजीचा जुना शिर्दाक कुत्र्याने खाल्लाय, नीट करून द्याल का, विचारतात."

चिनाराने एर्मेककडे पाहिलं. एर्मेकनेही तिच्याकडे पाहिलं, आणि या वेळी दोघांनाही दुसरीकडे बघायची आठवण राहिली नाही.

"तीन पानं," ती म्हणाली.

"तीन पानं," तो म्हणाला. "तू माझ्या जागी नोकरीला लाग."

"तू?" कालिपा खेकसली. "अरे वा! आत्तापर्यंत तुम्ही चाललं होतं!"

संध्याकाळपर्यंत अकरा पानांची तीन झाली. एक विकत घेणाऱ्यांसाठी, एक शिकायला येणाऱ्यांसाठी, एक जुना शिर्दाक दुरुस्त करून घेणाऱ्यांसाठी. पहिल्या पानावर चिनाराने मावशीचं वाक्य जसंच्या तसं घातलं – अडीच महिने लागतील, घाई असेल तर दुसरीकडे बघा. एर्मेक म्हणाला, असं कुणी लिहीत नाही. चिनारा म्हणाली, म्हणूनच लिहायचं.

जाताना तो अंगणात रेंगाळला. "दुसरं पान लिहायला माझी मदत हवी असेल तर... म्हणजे शिकायला येणाऱ्यांना पहिल्या दिवशी काय वाटतं, वगैरे?"

"पहिल्या दिवशी हात सोलवटतात आणि घरी जावंसं वाटतं," चिनारा म्हणाली. "दुसऱ्या दिवशी हात तेवढेच दुखतात, पण घरी जावंसं वाटत नाही."

तो हसला नाही. तिच्या हातांकडे बघत राहिला. मग गाडीवाल्याने हॉर्न वाजवला.

*

पहिली ऑर्डर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आली, जर्मनीतल्या एका शिक्षिकेची. तिने लिहिलं होतं, "मला घाई नाही." चिनारा ते पत्र वाचून दाखवत कारखानाभर नाचली. दहा दिवसांत दुसरी आली, महिना संपता संपता तिसरी. आई फोनवर म्हणाली, "तीन म्हणजे पाच नव्हेत." पण आवाज जरा मऊ होता.

शिकायचं पान मात्र रिकामं. एक चौकशी नाही, एक फोन नाही. शेवटी ऑगस्टच्या सुरुवातीला चिनाराने स्वतःच टाइप करून पाहिलं – कोचकोर, नमदा शिकणं, दोन दिवस.

सगळ्यात वर बिश्केकच्या एका सहल-कंपनीचं पान होतं. खाली उतरत उतरत ती मधोमध आली आणि थांबली. पहिल्या दिवशी हात सोलवटतात आणि घरी जावंसं वाटतं. दुसऱ्या दिवशी हात तेवढेच दुखतात, पण...

 तिने फोन लावला.

"हे तू लिहिलंस?"

 "हो."

"कधी?"

"जुलैच्या सुरुवातीला. साहेबांनी सांगितलं, कोचकोरचं एक पान कर. मी खाली तुमच्या कारखान्याचं नाव दिलं होतं, चिनारा. दुवाही दिला होता. त्यांनी काढून टाकला."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"लाज वाटली."

"लाज वाटली म्हणून महिनाभर तोंड लपवलंस? त्यानंतर दोनदा इथे येऊन चहा प्यायलास!" तिचा आवाज चढला होता, आणि खोलीतल्या सगळ्या सुया थांबल्या होत्या. "मला शिकवलंस, एकाच गिऱ्हाइकाला दोघांनी हाक मारायची नसते. आणि तूच बारावं पान केलंस. माझ्याच तोंडची वाक्यं घेऊन. ती मी काही कंपनीला सांगितली नव्हती, एर्मेक... तुला सांगितली होती."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "मी..."

तिने फोन ठेवला. राग आला होता, पण नुसता राग असता तर बरं झालं असतं. दुखत होतं. आपल्याला हा माणूस आवडतो हे तिला ज्या दिवशी स्पष्ट कळलं, तो नेमका आजचाच दिवस होता.  कालिपाने तिच्यासमोर नुसता चहा आणून ठेवला.

त्यानंतर त्याचे फोन आले, तिने उचलले नाहीत. मेसेज आले, तिने वाचले नाहीत. निदान, वाचले असं दिसू दिलं नाही.

*

ऑगस्टच्या शेवटी शिर्दाक न्यायला तो आला नाही, जाझगुल आली. बुटकी, बडबडी, भावाच्या अगदी उलट. तिने शिर्दाकांवरून हात फिरवला, डोळे पुसले, मावशीची पापी घेतली, आणि मग सरळ चिनारासमोर येऊन बसली.

"तू चिनारा. तुझ्यामुळे आमच्या घरी महिनाभर भूत वावरतंय."

"मी काही केलेलं नाही."

"तू त्याचं पान बघितलंस का हल्ली?"

"नाही."

"बघ ना. मी बघून बघून कंटाळले, तू एकदा बघ."

चिनाराने नाखुशीने लॅपटॉप उघडला. पान होतं, पण वेगळं होतं. वर लिहिलं होतं, बिश्केकहून कोचकोरला कसं जायचं. गाडी कुठून मिळते, घाटात वारा कसा असतो, सामसा कुठे खायचा. आणि मग एकच ओळ – नमदा शिकायचा असेल तर आम्हाला येत नाही, बुर्माकान मावशींना येतो – आणि त्याखाली कारखान्याच्या पानाचा दुवा. तिची वाक्यं कुठेच नव्हती.

"साहेबांनी ऐकलं?" चिनाराने विचारलं.

"आधी नाही ऐकलं. मग झालं काय, ते पान वाचून तीन पाहुणे आले शिकायला. कंपनीत शिकवणार कोण? ड्रायव्हरने त्यांना नेऊन तलाव दाखवून आणला." जाझगुलने हसून मान हलवली. "पाहुणे तावातावाने भांडले. तेव्हा दादा साहेबांना म्हणाला, जे आपल्याकडे नाही त्याच्यासाठी माणसं बोलावू नका. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे पोहोचवा, गाडी तरी आपली चालेल. साहेब म्हणाले, कर, पण पान खाली घसरलं तर तुझ्या डोक्यावर. घसरलं. बोलणी खाल्ली त्याने. तुला कळवू का म्हटलं तर नको म्हणाला. म्हणे, कळवण्यासाठी केलं नाही."

 जाझगुल गेल्यावर चिनाराने महिनाभराचे मेसेज पहिल्यापासून वाचून काढले. सगळ्यांत एकच गोष्ट होती, माफ कर. त्यातल्या एकातही सबब नव्हती. तिने उत्तर लिहिलं – पान बघितलं. सामशाचं चांगलं लिहिलंयस. पाच मिनिटांत त्याचं उत्तर आलं – अजून एक दंड बाकी आहे, कधी देऊ?... आणि मग दोघं पुन्हा बोलायला लागली, पण जपून.

त्याच आठवड्यात हॉलंडच्या दोघी बहिणी त्या दुव्यावरून शिकायला आल्या, हात सोलवटून घेऊन परत गेल्या, आणि घरी पोहोचल्यावर त्यांनी एका शिर्दाकाची ऑर्डर दिली. चौथी.

मग काही नाही. दहा सप्टेंबर गेला, पंधरा गेला. जाझगुलचं लग्न लागलं. चिनाराने बॅग काढून पुसून ठेवली. आई रोज फोन करायची आणि किती हे विचारायची नाही, चारच आहेत हे तिलाही कळलंय ते त्यावरूनच समजायचं. मावशी सारखी कसल्यातरी कारणाने चिडत होती.

अठरा तारखेला, शुक्रवारी, सकाळी दहाला पाचवी ऑर्डर आली.

"आली!" चिनारा किंचाळली. बायका धावल्या. "मोठा शिर्दाक, बसायच्या खोलीचा. नाव..." ती अडखळली. "नाव एर्मेक."

"पत्ता वाच," मावशी म्हणाली.

"कोचकोर. नदीपलीकडची गल्ली, निळं फाटक."

 मग कालिपाने कपाळाला हात लावला. "बिनलग्नाचा पुरुष शिर्दाक विकत घेतो? माझा जन्म गेला इथे, असलं कधी ऐकलं नाही. लोक काय म्हणतील, याला बायको मिळायची आशाच उरली नाही का?"

चिनाराने ओढणी घेतली आणि ती बाहेर पडली.

निळं फाटक उघडंच होतं. दोन खोल्या, रिकाम्या. एका खोलीत टेबल, टेबलावर लॅपटॉप, आणि उघड्या फळ्यांच्या जमिनीवर उभा एर्मेक. हातात झाडू.

"हे काय आहे?" चिनारा म्हणाली.

"भाड्याने घेतलं. परवापासून. कंपनीचं काम इथूनही होतं, रेंज असली की झालं. शिवाय इथली दोन गेस्ट हाउसं माझ्याकडून पानं करून घेतायत." तो घाईघाईने बोलत होता. "एकेकच करणार आहे, घाबरू नकोस."

"मी ऑर्डरचं विचारतेय. दया करतोयस माझ्यावर?"

"नाही."

"मग?"

त्याने झाडू भिंतीला टेकवला. "तू जाऊ नयेस... एवढंच मला कळत होतं. चार झाल्या होत्या, एक कमी पडत होती. दुसऱ्याच कुणाच्या नावाने टाकायची, असा दोन दिवस विचार केला. मग म्हटलं, एकदा लपवून बघितलंय. म्हणून स्वतःच्या नावाने टाकली. मला तू आवडतेस, चिनारा. गाडीत आवडलीस, तेव्हापासून. हे ऑर्डरच्या फॉर्ममध्ये लिहायला जागा नव्हती."

बाहेर कुणाचं तरी गाढव ओरडलं. चिनाराला हसू आलं आणि तिने ते आवरलं नाही.

"ऑर्डर नामंजूर," ती म्हणाली.

"काय?"

"या घराला आम्ही शिर्दाक विकणार नाही."

"मग चारच राहतात."

"चारच राहतात."

"मग तू मंगळवारी..." त्याचा चेहरा उतरला. "चिनारा, असं नको. माझा राग असेल तर मी परत बिश्केकला जातो, पण ऑर्डर राहू दे. तुझं इतकं काम..."

"एर्मेक," ती म्हणाली, "शिर्दाक तू विकत घेतलास, तर मी काय आणू?"

त्याला कळायला वेळ लागला. रसायनशास्त्राच्या बाईंचा मुलगा तो. आधी तो गोंधळला, मग त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि मग कानाच्या पाळीपासून सुरुवात करून लाल होत गेला. तिने पुढे होऊन त्याचा हात हातात घेतला. धुळीने माखलेला होता.

तसाच हात धरून तिने दुसऱ्या हाताने काझानला फोन लावला. कारखान्यातल्या मशीनचा आवाज आला, मग आईचा.

"आई, चारच झाल्या."

"हं." आई म्हणाली. "मग घ्यायला येते तुला इथल्या स्टँडवर."

"मी येत नाहीये."

"चिनारा, आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं. मी हरले, कबूल आहे. पाचवी आली होती, ती मी परत केली." तिने श्वास घेतला. "तो शिर्दाक विकायचा नाहीये, आई. तो मला माझा करायचाय."

पलीकडे मशीन बंद झालं.   आईने नाक ओढलं, ते चिनाराला स्पष्ट ऐकू आलं.

"कुणाच्या घरासाठी?" आईने विचारलं.

"एर्मेक म्हणून आहे. तो... सांगेन सगळं. लांबलचक आहे."

"लांबलचक नंतर. खोली केवढी आहे?"

"माहीत नाही. मोजलेली नाही."

"मग मोज की! लोकर आत्ता सप्टेंबरातच घ्यावी लागेल, नंतर चांगली उरत नाही. आणि मधली नक्षी मी पाठवीन काढून, बुर्माकानला काढू देऊ नकोस, तिची शिंगं वाकडी येतात. मोज, मी फोन धरून आहे."

चिनाराने फोन एर्मेकच्या हातात दिला, गुडघ्यांवर बसली आणि भिंतीच्या कडेपासून वितीने खोली मोजायला लागली.